थोरल्या मास्तरांचा इंतजाम

माझ्या अंगावर मांस नव्हतं, हा माझा पहिला गुण थोरल्या मास्तरांच्या नजरेत भरला. मी नोकरीवर रुजू व्हायला गेलो तेव्हा ते शाळेच्या ओट्यावर उन्हात बसून काहीतरी शिवत होते. मी नमस्कार केला, हुकमाचा कागद पुढं केला. त्यांनी कागदाकडं पाहिलंही नाही. बाजारात शेळी बघावी तसं माझं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "तुमाला थंडी लई वाजत असंल, न्हाई?"

"जी. वाजते."

"बराबर. असाच माणूस पाहिजे व्हता."

मला वाटलं, शाळेसाठी पाहिजे होता. हा गैरसमज मोजून पुढच्या सोमवारपर्यंत टिकला.

निजामाचं राज्य होतं. आमची शाळा औंढ्याकडच्या डोंगराच्या अंगाला एका खेड्यात, दोन खोल्यांची. सरकारी कागदावर ती मदरसा होती आणि मास्तर तिथले सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, होते. गावाच्या लेखी ते थोरले मास्तर आणि मी धाकला. मला हे धाकलेपण बोचायचं. परभणीला शिकून आलो होतो, भांग मधोमध पाडत होतो, पितळी बटणांची एक शेरवानी होती. गावात उतरल्यावर लोक माझ्याकडं बघत राहिले तेव्हा मला वाटलं, छाप पडली. ते बिचारे फक्त शेरवानीच्या आत कुणी आहे का ते शोधत होते.

थोरल्या मास्तरांच्या खांद्याला बारा महिने एक वळकटी असायची, उशीएवढी, जुन्या चऱ्हाटाच्या पट्ट्यानं बांधलेली. तिला ते 'इंतजाम' म्हणत. उघड्यावर, रानात, वाटेत, कुठंही अचानक थंडीनं गाठलं तर माणसानं जिवंत राहावं म्हणून लागेल ते सगळं त्यात होतं. जवसाच्या तेलात भिजवून वाळवलेलं कापड, त्यातून पाणी झिरपत नसे. सावरीचा कापूस भरून शिवलेलं एक पोतं, ज्यात पायापासून गळ्यापर्यंत माणूस मावे आणि वर नाड्या आवळता येत. घोंगडीच्या तुकड्यांचे मोजे. कानटोपी. आणि दोन फडक्यांच्या मध्ये जुने छापील कागद घालून शिवलेली एक बंडी. घोंगडी आख्खी काहून घेत न्हाई, असं कुणी विचारलं तर म्हणत, "घोंगडी म्हंजे खांद्यावर अर्धा माणूस घेतल्यावानी. आनिक अर्धा मानूस घ्यायचा तर आख्खाच काहून घेऊ नये, निदान बोलायला तरी व्हईल."

वैशाखात औंढ्याच्या बाजाराला निघाले तरी इंतजाम खांद्याला. झाडाखाली बसलेली माणसं विचारायची, "मास्तर, उन्हाळ्यात काहून घेऊन राहिलात हे?"

"थंडी काय चिठ्ठी धाडून येती का?"

लोक हसायचे. आमच्याकडं थंडी पडते, पण दोन-अडीच महिने, आणि तीही शेकोटी पेटवली की मागं सरकणारी. तिच्यासाठी एवढी तयारी करणारा माणूस म्हणजे विहीर खोदायच्या आधी पोहायचे कपडे शिवणारा. मास्तरांना ह्या थंडीचं एवढं काय होतं, हे मी एकदा त्यांच्या पत्नीला विचारलं. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. मला वाटलं होतं, लहानपणी काही घडलं असेल, कुणी दगावलं असेल. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कायी घडलं न्हाई. लगीन झालं तवा बी असंच व्हते. ह्यांच्या इंतजामात समदं हाय बगा. फकस्त घरात पांघराया कायी उरलं न्हाई."

ते खरं होतं. घरातली एकही वाकळ शाबूत नव्हती. प्रत्येकीतून चौकोनी तुकडा कापलेला.

मास्तर स्वतः एवढंच सांगत, "बघा धाकले, उपाशी माणूस खोटं बोलू शकतो. जेवून आलो म्हनतो, ढेकर बी देतो. पर हुडहुडी भरलेल्या मानसाला खोटं बोलता येत न्हाई. दात साक्ष देतात. म्हनून थंडीइतकी अब्रू घेनारी दुसरी चीज न्हाई."

तर त्या सोमवारी, भल्या पहाटे, मला उठवून शाळेच्या ओट्यावर नेण्यात आलं आणि पोत्यात घालण्यात आलं. मास्तरांच्या हातात खडू होता.

"आता सांगा, कुठं गार लागतंय? तिथं खूण करतो."

"सगळीकडं."

"सगळीकडं हे उत्तर न्हाई. बोट ठिवून दाखवा."

"हात आत आहेत मास्तर."

ते विचारात पडले. त्या विचारात पाणक्याचा वेळ झाला, मग विहिरीवर निघालेल्या बायांचा वेळ झाला, आणि गावातल्या सगळ्या बायांनी परभणीला शिकून आलेला धाकला मास्तर पोत्यात उभा असलेला पाहिला. माझी जी काही छाप शिल्लक होती ती तिथं संपली. त्यानंतर दर हिवाळ्यात मी प्रयोगाचा माणूस झालो. जाड माणसाला पोतं जमलं तर त्यात पोत्याचं काय कौतुक, असं मास्तरांचं म्हणणं. मला जमलं तर जगाला जमलं.

मी नाही म्हणू शकत होतो का? होतो. दर वेळी ठरवायचो. मग मास्तर यायचे, डोळ्यांत तो आनंद घेऊन, "धाकले, ह्या बारीला मानेपाशी दुहेरी केलंय," असं म्हणायचे, आणि मी मान पुढं करायचो. घरापासून लांब होतो, आई-वडील लहानपणीच गेलेले. माझ्या मानेपाशी गार लागतं की नाही ह्याची काळजी करणारं दुसरं कुणी नव्हतं. हे तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा वाटायचं, आपण फार मोठ्या मनाचे आहोत.

इंतजाम नेहमी फसायचाच असं नाही, पण बहुधा फसायचा. तेलाचं कापड वाळवायचं काम माझ्याकडं होतं. एकदा ते दोन दिवस उन्हात राहिल्यावर मी ते वाळलं असं ठरवलं, घडी घालून शाळेच्या कपाटात कोंबलं आणि दार लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पोरांना पाढे म्हणून दाखवत असताना कपाटातून धूर यायला लागला. जवसाचं ओलं तेल कोंडलं की आपोआप तापतं, पेटतंसुद्धा, हे मला माहीत नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. पोरं ओरडत बाहेर पळाली, मी पोरांच्या पुढं. मास्तर एकटे आत राहिले. घागरभर पाणी ओतून, काळं पडलेलं कापड चिमट्यात धरून ते बाहेर आले तेव्हा मला वाटलं, आता खरडपट्टी. ते म्हणाले, "बघितली का ऊब? बिना काडीची. आत मानूस असता तर काय गरम झाला असता."

आत कोणता माणूस असता हे विचारायची मला गरज नव्हती.

आणि एकदा, फक्त एकदा, इंतजाम सरकारदरबारी रुजू झाला. पौषात तपासणीला मोठे साहेब आले, पहाटेच निघून, झुळझुळीत शेरवानीत. टांग्यातून उतरले तेव्हा ते बोलायचा प्रयत्न करत होते आणि तोंडातून नुसता टकटक आवाज येत होता. मास्तरांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. बाहेर आले ते बरेच भरलेले दिसत होते. खुर्चीवर बसले आणि कुरकुर आवाज झाला. पाठ टेकली, कुरकुर. पोरांकडं बोट दाखवलं, कुरकुर. शेरवानीच्या आत चारी बाजूंनी जुनी वर्तमानपत्रं होती. पहिल्या रांगेतल्या एका पोरानं तोंडात सदऱ्याची बाही कोंबली. मी जीभ चावून भिंतीकडं पाहत राहिलो. साहेब शहाणे होते, लगेच उमजले. त्यानंतर तपासणीभर ते देवळातल्या मूर्तीसारखे निश्चल बसले, एकही प्रश्न विचारला नाही आणि शेरा लिहिला, शिस्त उत्तम. टांगा गेल्यावर मास्तर म्हणाले, "कागद वापस दिले न्हाईत. म्हंजे ऊब लागली."

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण मास्तरांचं खरं रूप मला तिच्यात दिसलं, आणि माझं सगळ्यांना.

हट्ट्याकडचं एक स्थळ आलं होतं. माझ्या बाजूनं बोलायला वडीलधारं कुणी नाही म्हणून थोरले मास्तर येणार होते. मी त्यांना हात जोडून म्हणालो, "मास्तर, एवढ्या बारीला इंतजाम नको. लोक काय म्हणतील? मुलगी बघायला आले की मुक्कामाला आले?"

त्यांनी खांद्यावरचा पट्टा चाचपला. मग म्हणाले, "बराबर हाय. मंगल काम हाय. खांद्याला काही घेणार न्हाई."

माघ महिना. सकाळीच दमणी निघाली. दमणी हाकायला गावातले चाचा होते, बैलांशी दखनीत बोलायचे आणि माणसांशी फारसं बोलायचेच नाहीत. मास्तर शब्दाला जागले होते, खांदा रिकामा होता. फक्त ते एकाएकी पैलवानासारखे दिसत होते. दमणीत चढताना त्यांना चाचांनी मागून रेटावं लागलं. मी काय ते समजलो, पण माझं लक्ष शेरवानीकडं होतं. तिला इस्त्री करून घेतली होती. बसलं की चुण्या पडतील म्हणून मी दमणीचा दांडा धरून उभाच राहिलो. मुलीला काय विचारायचं तेही ठरवलं होतं. पुस्तकातला एक उतारा वाचायला द्यायचा, आणि तिनं वाचला की "ठीक" म्हणायचं. "ठीक" कसं म्हणायचं ह्याचा मी वाटेत सराव करत होतो.

दुपारी आभाळ भरून आलं. आधी वारा, मग गारा. लिंबाएवढ्या नसतील, पण डोक्याला तशाच लागत होत्या. बैल बावरले. पुढं ओढा होता, त्याला वरच्या पावसानं पाणी आलेलं.

"बैलां डर गये, मास्तरसाब. पकड के बैठो," चाचा म्हणाले.

मास्तर बसलेलेच होते. चाक दगडावरून घसरलं, दमणी एका अंगाला कलली. बसलेले दोघं बसलेलेच राहिले. चुण्या पडू नयेत म्हणून उभा असलेला मी तेवढा ओढ्यात पडलो.

पाणी कमरेइतकंच होतं, पण मी त्यात पूर्ण गेलो आणि दोनदा गेलो, कारण पहिल्यांदा उठताना शेरवानीवर माझाच पाय पडला. चाचांनी बाहेर ओढलं. वरून गारांचं पाणी, समोरून वारा. पुढं हाकेच्या अंतरावर एका शेतात आखाडा दिसत होता, म्हणजे गुरं बांधायची झोपडी. तिथवर मी चालत गेलो. दात इतके वाजत होते की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

आखाड्यात एक मुलगी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात दावं, गारांच्या भीतीनं गुरं आत घ्यायला आलेली. तीन माणसं आत घुसलेली पाहून तिनं दावं घट्ट धरलं. मास्तर म्हणाले, "बाई, भिऊ नको. शाळेचे मास्तर हावोत. पोरगं ओढ्यात पडलंय. इस्तू हाय का?"

"चूल भिजली जी. काडीपेटी हाय का तुमच्यापाशी?"

काडीपेटी माझ्या खिशात होती. ती माझ्याबरोबरच न्हाली होती.

मुलीनं चाचांना गावाची वाट दाखवली, घर सांगितलं, "माझ्या बापाला म्हनावं इस्तू अन् घोंगड्या घेऊन या." चाचा बैल सोडून पायीच पळाले. आणि मास्तर कपडे उतरवायला लागले. सदऱ्याखाली तेलाचं कापड गुंडाळलेलं. त्याखाली सावरीचं पोतं पोटाला बांधलेलं. त्याखाली कागदाची बंडी. सगळं कोरडं. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे ते बारीक होत गेले. मुलगी पाठ फिरवून उभी राहिली आणि माझी शेरवानी, जिच्यासाठी मी सहा कोस उभा होतो, चिखलात पडली.

मी बंडीत, बंडी पोत्यात, पोत्याभोवती तेलाचं कापड. मास्तरांनी नाड्या आवळल्या. आणि हळूहळू माझी थरथर थांबली. मला फार बरं वाटायला लागलं. झोप येत होती. मी मास्तरांना सांगितलं, "छान झालं आता." पण मास्तरांचा चेहरा उतरला होता. ते माझे गाल चोळत होते आणि मला त्याचा राग येत होता.

इथून पुढचं मला आठवत नाही. सांगतो आहे ते बायकोकडून ऐकलेलं, आणि ती दर हिवाळ्यात त्यात थोडी भर घालते.

मास्तर म्हणे एकदम ओरडले, "ह्याच्या अंगातच ऊब न्हाई. पोतं राखील काय अन् कुनाची?" त्यांनी नाड्या तोडल्या आणि अंगावर नुसता सदरा असलेले ते स्वतः पोत्यात शिरले. पोतं एका माणसाचं होतं, तेही माझ्या मापाचं. शिवण उसवली. मला छातीशी धरून ते म्हणत होते, "निजू नको. बोल. काहीबी बोल." सहा वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मुलीनं कोपऱ्यातलं शेळीचं करडू उचललं आणि माझ्या पोटाशी पोत्यात सोडलं. "आमची आजी करडू घेऊनच निजती," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "झ्याक," आणि मग मुलीला म्हणाले, "बाई, ह्याला बोलता ठेव. माझं ऐकत न्हाई."

मी डोळे उघडले, समोर खोळ घेतलेली आकृती पाहिली आणि ओळखलं. तपासणीचे साहेब.

"हुजूर," मी म्हणालो, "माझा एक अर्ज आहे."

मुलीनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. "काय अर्ज हाय?" ती म्हणाली.

"माझी बदली करा. इथले थोरले मास्तर वेडे आहेत."

"काहून?"

"मला पोत्यात घालतात."

"आत्ता बी घातलंय का?"

"जी हुजूर. आत्ता बी."

"आनिक काय तकलीफ?"

"ह्या खेपेला आत शेळी सोडली आहे."

"बरं," मुलगी म्हणाली, "मंजूर."

मी समाधानानं हुंकार दिला म्हणे. पण ती थांबली नाही. पोरं किती, फळा कसा, पाऊस आला की शाळा गळते का, एकामागून एक विचारत राहिली, आणि मी साहेबांना उत्तरं देत राहिलो. कुठल्यातरी उत्तराच्या मध्येच माझे दात पुन्हा वाजायला लागले. ते ऐकून थोरले मास्तर रडले, असं बायको सांगते. मास्तरांना विचारलं की ते म्हणत, गारा डोळ्यांत गेल्या होत्या.

मुलीचे वडील आले तेव्हा मी शुद्धीवर होतो, म्हणजे लाज वाटण्याइतका. एका हातात विस्तवाचं गाडगं, काखेत घोंगड्या, मागं चाचा. त्यांनी दारातून आत पाहिलं.

"पाव्हणे कुठं हायेत?"

"इथंच हावोत," पोत्यातून थोरले मास्तर म्हणाले.

"अन् नवरदेव?"

"ह्यो बी इथंच हाय."

त्यांना तिसरं डोकं दिसलं. ते काही विचारणार, तोच मास्तर म्हणाले, "ते तुमचंच हाय."

तेव्हा मला कळलं, हे कुणाचं शेत आणि खोळीतली ती कोण. मला तेव्हा पुन्हा ओढ्यात जायची इच्छा झाली.

दुसऱ्या दिवशी रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. मी मुलीच्या वडिलांचं धोतर नेसून, त्यांच्या बंडीत, नाक शिंकरत पाटावर बसलो होतो. वडील म्हणाले, "विचारा, काय विचारायचं ते." उतारा काढलेलं पुस्तक ओढ्यात गेलं होतं. मी म्हणालो, "काही नाही." मग त्यांनी मुलीला विचारलं, "तुला काय म्हनायचं?" ती जमिनीकडं बघत म्हणाली, "बदली घेनार असले तर सांगा म्हनावं. मंग कशाला करायचं?"

मी म्हणालो, नाही घेणार. त्या उन्हाळ्यात लग्न झालं.

बघण्याच्या कार्यक्रमावरून परतताना मात्र मास्तर दमणीत उसवलेली शिवण चाचपत बसले होते. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होतो. ते जुळायच्या आत तेच म्हणाले, "तुमी येडे म्हनालात मला."

"मास्तर, मी शुद्धीत..."

"न्हाई न्हाई. लोकं म्हनतात ते सोडा. त्यांना काय ठाव? पर प्रयोगातला मानूस म्हनतो तवा त्यात तथ्य असंल. माझं चुकलंच." मी काही बोलायच्या आत ते पुढं झुकले. "पोतं ऊब राखतं धाकले, करत न्हाई. इतकी वर्सं मी कोठी बांधून राहिलो अन् दानाच इसरलो. आता दोघांचं शिवतो."

त्यांनी शिवलं. काकूंनी शेवटची वाकळ लपवून ठेवली होती, तीही सापडली. लग्नात आम्हाला आहेर म्हणून तेच पोतं मिळालं, भर मांडवात, वैशाखात. मांडव हसून हसून आडवा झाला.

मग सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा हिवाळा आला. देश स्वतंत्र झाला तरी निजामाचं राज्य हटेना, मुलखात धामधूम होती, रात्री कुठं ना कुठं आभाळ लाल दिसायचं. गावोगाव लुटीच्या बातम्या. आमच्याकडची पुष्कळ माणसं पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात गेली, तसे आम्हीही निघालो. मी, बायको, वर्षाचं लेकरू, थोरले मास्तर आणि काकू. चाचांनी दमणीतून नदीपर्यंत पोचवलं. आमच्या घराची किल्ली बायकोनं त्यांच्या हातात दिली. चाचा म्हणाले, "मैं हूं ना, बेटी," आणि दमणी वळवून परत गेले, त्याच मुलखात.

पलीकडं उघड्या शेतात माणसं उतरलेली होती, कापसाच्या आणि तुरीच्या रानात, अंगावरच्या कपड्यानिशी आलेली. वर आभाळ, खाली दवानं भिजलेली जमीन. शेकोट्यांना लाकूड पुरेना. आमच्या शेजारी एका तांड्यावरची बाई होती, तिच्याही काखेत लेकरू.

मास्तरांना विचारायला आता माणसं येऊ लागली. ओटा नाही, खडू नाही, पण ते रांगेरांगेनं फिरून सांगत, "वर कमी घाला, खाली जास्त घाला. जमीन पैली ऊब पिती. तुराट्या आंथरा, त्यावर पालापाचोळा. लेकरं मधी घ्या. कागद मिळंल तिथून आना." माणसं मान डोलवत, सांगितलं तसं करत. कुणी हसत नव्हतं. गोणपाट, जुनी लुगडी, फाटकी धोतरं, जे मिळेल ते घेऊन मास्तर आणि काकू लेकरांसाठी पोती शिवत बसत. सावरीचा कापूस कुठला असणार? बोंडांतून राहिलेला कापूस वेचून आणत. आमचं दोघांचं पोतं आम्ही चार लेकरांना दिलं होतं.

मला वाटलं होतं, मास्तर खूश असतील. आयुष्यभर ज्या दिवसाची तयारी केली तो आला, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पण ते दिवसेंदिवस गप्प होत चालले. नीट जेवत नव्हते. एका सकाळी बांधावर उन्हात बसलेले दिसले. अंगावर नुसता सदरा. मी शेजारी जाऊन बसलो.

"मास्तर, तुम्हाला थंडी वाजत नाही का?"

"वाजती ना."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. समोरच्या रानाकडं बघत ते म्हणाले, "लोकं हसायचे तेच बरं व्हतं, धाकले. मी येडा ठरून मेलो असतो तर किती चांगलं झालं असतं."

मी शिकलेला माणूस, त्यामुळं काहीतरी बोलायलाच हवं असं वाटून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तांड्यावरची ती बाई समोर येऊन उभी राहिली. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात मास्तरांनी शिवलेलं लहान पोतं. ते तिनं मास्तरांच्या पुढ्यात टाकलं.

"मास्तर, हे कुनी शिवलं?"

"म्या शिवलं. काहून?"

"लेकरू कधी संभाळलं का तुमी?"

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. मी चपापलो. पण मास्तरांनी मान वर केली होती. "काय झालं ते सांग."

"हे मुततं. दर घडीला मुततं. ह्या नाड्या सोडीस्तवर एकदा मुतलं, सोडून काढीस्तवर आनिक एकदा मुततं. भिजलेल्या पोत्यात ऊब कुठून ऱ्हाईल?"

"बाई, नाड्या हाच तर त्यात मुद्दा हाय. नाडी काढली तर वारा शिरंल."

"वारा शिरंल तर शिरंल. खाली उघडं ठिवा."

"खाली उघडं ठिवलं तर ते पोतंच न्हाई राहिलं. ते झबलं झालं."

"मंग झबलं म्हना. मला काय करायचं नावाशी?"

मास्तर उभे राहिले. त्यांनी पोतं उचललं, उलटं केलं, तिच्यासमोर धरलं आणि मानेपाशी दुहेरी काहून असतं ते सांगायला लागले. बाईनं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि खाली कुठं कापायचं ते नखानं दाखवलं. मास्तर म्हणाले, शक्य न्हाई. बाई म्हणाली, तुमी लेकरू धरा, मी कापून दाखवते. आणि लेकरू त्यांच्या हातात दिलं. काकू कात्री घेऊन आल्या, त्या बाईच्या बाजूच्या होत्या. शेजारच्या रांगेतली माणसं उठून बघायला आली. लेकरू मास्तरांच्या सदऱ्यावर मुतलं, आणि गर्दीतलं कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

मास्तरांचं तिकडं लक्ष नव्हतं. आवाज चढवून ते म्हणत होते, "हसू नका. हे नीट समजून घ्या आधी."

माझी बायको माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. "आज जेवतील मास्तर," ती म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

ऊन वर आलं. भांडण चालूच होतं.